तीस फुटांचा तुकडा

अकरावं रीळ मशिनवर चढवलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. खाली रिकाम्या थेटरात एकटे अण्णा कुंभोजे बसले होते, थेटरचे मालक. पहिला खेळ बाराचा, पण बाहेर आत्तापासूनच हलगी वाजायला लागली होती.

"बळवंता, आवाज वाढीव जरा," अण्णा खालून म्हणाले. "आपल्या पैलवानाचा शड्डू एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू गेला पाहिजे."

मी वाढवला. पडद्यावर सर्जेरावानं मांडीवर थाप मारली आणि अण्णा एकटेच टाळ्या वाजवत बसले. चांगला साठीचा माणूस, धंद्यात मुरलेला, पण त्या दिवशी त्यांचंही पोर झालं होतं. गावाचंच झालं होतं म्हणा.

सर्जेराव आणि मी एका वयाचे, एकाच तालमीतले. एकोणिसाव्या वर्षी माझा गुडघा गेला आणि मी थेटरात ऑपरेटर झालो. तो लढत राहिला. आठ वर्षांत त्याची पाठ मातीला लागलेली कुणी बघितली नव्हती. मग आमच्या नदीकाठी एक सिनेमा कंपनी शूटिंगला आली, तिला व्हिलनच्या हाताखाली एक धिप्पाड माणूस पाहिजे होता, आणि जाताना ती सर्जेरावाला घेऊन गेली. दोन वर्षं झाली त्याला. ह्या सिनेमात पहिल्यांदाच त्याचं नाव पोस्टरवर आलं होतं, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. आमच्या पेंटरनं ती कसर भरून काढली. थेटरवरच्या बोर्डावर त्यानं सर्जेरावाचं तोंड बारा फूट काढलं आणि हिरोला कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी जागा दिली.

मारामारी सुरू झाली. हिरो म्हणजे दूधभात खाऊन वाढलेलं पोरगं. सर्जेरावानं त्याला दोन वेळा आपटला, तिसऱ्यांदा डोक्यावर उचलला. अण्णा उठून उभे राहिले. आणि तिथं त्या पोरानं वरच्या वर कोलांटी मारली, कुठून तरी सर्जेरावाच्या कमरेला धरलं आणि त्याला पाठीवर आडवा केला. मग त्याच्या छातीवर पाय ठेवून एक डायलॉग मारला.

अण्णा सावकाश खाली बसले. थोड्या वेळानं जिना चढून माझ्या खोलीत आले.

"बघितलंस?"

"बघितलं."

"हैबती वस्ताद येणार आहेत पहिल्या खेळाला."

मला ते सांगायची गरज नव्हती. आमच्या तालमीचे वस्ताद बहात्तर वर्षांचे. जन्मात थेटरची पायरी चढले नव्हते. सर्जेरावासाठी चढणार होते. हा सिनेमा शहरात आठवडाभर चालून गेला होता, पण आमच्या गावातलं एक माणूस तिकडं फिरकलं नाही. वस्तादांच्या आधी कुणी बघायचा नाही, असं तालमीत ठरलं होतं, आणि तालमीत ठरलं म्हणजे गावात ठरलं.

आता तालमीतल्या फोटोंचं सांगायला पाहिजे. मैदान मारलेल्या प्रत्येक पैलवानाचा फोटो वस्ताद तालमीच्या भिंतीवर लावत. माझाही होता, गुडघा जायच्या आधीचा, सर्जेरावाच्या शेजारी. आणि कुणी नूरा कुस्ती खेळला, म्हणजे आधी ठरवून हरला किंवा जिंकला, तर वस्ताद त्याचा फोटो उलटा करत, तोंड भिंतीकडं. काढत नसत. काढला तर लोक विसरतील, म्हणायचे. माझ्या वेळी असे दोन फोटो होते. त्यातला एक त्यांच्या सख्ख्या पुतण्याचा.

"सिनेमा आहे म्हणून समजावू की त्यांना," अण्णा म्हणाले.

"तुम्ही समजावणार?"

बाहेर कुणीतरी सर्जेरावाच्या नावानं ओरडलं आणि शंभर गळ्यांनी त्याला साथ दिली.

"ठरवून पाठ लावली, एवढंच कळणार त्यांना," मी म्हणालो. "आज संध्याकाळी फोटो उलटा होईल अण्णा. आणि सर्जाला कळलं तर तो ह्या गावात पाय ठेवणार नाही."

"मग?"

मी रीळ उलटं फिरवून ती जागा शोधली. ब्लेडनं एकदा इथं कापलं, एकदा तिथं. मधला तुकडा तीस फूट भरला. दोन टोकं खरवडली, फिल्म जोडायचं सिमेंट लावून चिकटवली, झालं. तुकडा गुंडाळायच्या आधी उजेडात धरून बघितला. सर्जेराव खाली येताना ऐन वेळी अंग वळवत होता. डोकं मातीत रोवून, मानेची कमान करून पाठ वाचवायची आमची जुनी सवय. सिनेमात पडायचं म्हणून उभा राहिलेला माणूस, आणि अंग ऐकत नव्हतं. मला हसू आलं. लेका, अजून वस्ताद विसरला नाहीस, असं मनात म्हणून मी तुकडा बिस्किटाच्या डब्यात टाकला.

बारा वाजता वस्ताद आले. पांढरा फेटा, धुतलेलं धोतर. पोरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं म्हटलं तर ते चिडले. दारात त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग आत आले. ते बघून मागच्या सगळ्यांनी चपला काढल्या. नंतर तिथं चपलांचा असा काही ढीग झाला की खेळ सुटल्यावर अर्धं गाव दुसऱ्याच्या चपला घालून घरी गेलं.

सर्जेराव पडद्यावर येईपर्यंत कुणी सिनेमा बघितलाच नाही. तो आला आणि थेटर उभं राहिलं. गुलाल उडाला, पडदा खालून लाल झाला. हलगीवाला पडद्यासमोर जाऊन बसला आणि खऱ्या मैदानात वाजवतात तशी वाजवायला लागला. अकरावं रीळ लागलं. त्यानं हिरोला आपटला, परत आपटला, डोक्यावर उचलला, आणि तिथं माझा सांधा आला. पुढच्या क्षणाला हिरो बागेत हिरॉइनबरोबर गाणं म्हणत होता.

एक क्षणभर थेटरात काही हललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "पळाला लेका." आणि जो काही दंगा झाला, छपराचे पत्रे वाजले. ते रीळ मला चार वेळा दाखवावं लागलं.

खेळ सुटल्यावर वस्ताद जिन्याखाली थांबले होते. मी लंगडत उतरलो.

"तू दावलास व्हय रं ह्यो?"

"होय वस्ताद."

"जोड हलकी व्हती," ते म्हणाले. "ह्याच्या निम्म्यानं बी नव्हता त्यो. पर पोरानं पाठ लागू दिली न्हाई." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुडघा गेल्यापासून त्यांनी मला हात लावला नव्हता. "तुझं बी काम बरं हाय म्हणायचं."

त्या हाताचा मला किती आनंद झाला होता, ते अजून आठवतं. आता तो आनंद होत नाही, पण झाला होता एवढं आठवतं.

सिनेमा पाच आठवडे चालला. न्हाव्याच्या दुकानात सर्जेराव कट सुरू झाला. तीन बारशांत पोरांची नावं सर्जेराव ठेवली. पोरं रोज येत, अकरावं रीळ बघत आणि गाणं लागलं की उठून जात. एकदा एका एस.टी. कंडक्टरनं स्टँडवर सांगितलं की हा सिनेमा मी दुसरीकडं बघितलाय, तुमचा पैलवान शेवटी मार खातो. पोरांनी त्याची तिकिटाची पेटी काढून घेतली आणि चांगला तासभर बसवून ठेवला. शेवटी तो म्हणाला, दुसरा कुणीतरी असेल. तेव्हा सोडला.

तिसऱ्या आठवड्यात मला एक पोस्टकार्ड आलं. सर्जेरावाचं, पण अक्षर त्याचं नव्हतं. मजकूर एवढाच: "वस्तादांनी सिनेमा बघितला का? शेवट बघितला का? मी पडतो ते बघून काय म्हणाले तेवढं कळव."

मी ते अण्णांना दाखवलं.

"फोटोची धास्ती घेतलीय बिचाऱ्यानं," अण्णा म्हणाले. "सुटका कर त्याची."

मी त्याच दिवशी लिहिलं. निश्चिंत राहा, शेवट मी कापून टाकलाय, वस्तादांनी तुला पडलेला बघितलंच नाही, तुझी पाठ लागली नाही असं सगळ्या गावाला सांगत फिरतात. फोटो सरळ आहे. खाली लिहिलं, आता बिनघोर मोठा हिरो हो. अक्षर दुसऱ्याचं का, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. सिनेमातला माणूस, लेखनिक ठेवला असेल, असं वाटलं. खरंच असं वाटलं.

त्याचं उत्तर आलं नाही.

सहा महिन्यांनी, माघात, दुपारी तीनच्या एस.टी.तून दोन माणसांनी सर्जेरावाला धरून उतरवलं. मी स्टँडवर सिनेमाच्या पेट्या उतरवून घ्यायला आलो होतो. पहिल्यांदा मी त्याला ओळखलं नाही. खांदे तेवढेच रुंद, पण त्याखाली शर्ट नुसता लोंबत होता. पाय ओढत चालत होता. मी पुढं होऊन त्याचा हात हातात घेतला तर तो हात माझ्या हातात तसाच पडून राहिला. बोटं मिटेनात.

"आलास?" मी म्हणालो.

"आलो," तो म्हणाला.

त्या दोघांतला एक त्याच्याच खोलीत राहणारा होता, सिनेमातच काम करणारा. त्यानं सांगितलं. त्या मारामारीच्या शूटिंगला सर्जेराव पडला तेव्हा हसत उठला होता. आठ दिवसांनी हातांना मुंग्या यायला लागल्या. कुणाला सांगितलं नाही, पुढच्या दोन सिनेमांत परत पडत राहिला. पेन धरता येईना तेव्हा पत्र ह्या माणसानं लिहून दिलं. घरी जा म्हणून तो रोज सांगत होता. पण पैलवान म्हणायचा, मी आपणहून कसा जाऊ? वस्ताद बघतील, त्यांना कळेल, ते बोलावतील. मग एक पत्र आलं आणि त्यानंतर तो काही बोलेनासाच झाला.

"कुणाचं पत्र?" जमलेल्यांतून कुणीतरी विचारलं.

"गावाकडचं होतं," तो म्हणाला.

सर्जेराव माझ्याकडं बघत नव्हता. मी सिनेमाच्या पेट्या उचलल्या आणि थेटरात गेलो. सहाचा खेळ लावला. मशिनच्या दिव्याचा कार्बन पेटवला, रिळं बदलली, मध्यंतर केलं. हात आपोआप चालत होते. कोणता सिनेमा होता ते सांगता येणार नाही.

वस्ताद नुसते वस्ताद नव्हते, हाड बसवणारे होते. निखळलेले खांदे, मुरगळलेल्या माना घेऊन चार तालुक्यांतनं माणसं त्यांच्याकडं यायची. त्यांनी सर्जेरावाला शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडं पाठवला. डॉक्टर म्हणाले, मणक्यात नस दबलीय, सहा-सात महिन्यांपूर्वी मान बांधून झोपवला असता तर गोष्ट वेगळी होती. आता आहे ते आणखी वाढू नये एवढंच बघायचं. मग वस्तादांनी त्याला तालमीतच ठेवून घेतला. रोज सकाळी तेल लावत. मानेला हात लावत नसत, फक्त हातापायांना. मीही जायचो, तेलाची वाटी धरायला.

एक दिवस तेल लावता लावता वस्तादांनी विचारलं, "पडलास कसा, सांग बघू."

"पडलो," सर्जेराव म्हणाला.

"पडलास ते दिसतंय. मान कुठल्या अंगाला गेली? डोस्कं आधी टेकलं का खांदा? मला कळू दे कुठं दबलंय. डॉक्टरलाबी सांगता यील."

सर्जेरावानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी वाटी धरून उभा होतो.

"आठवत नाही वस्ताद," तो म्हणाला.

"सिनेमात घेतलंच आसंल की त्यांनी. मी तर सगळा बघितला, पयल्यापासनं. तू पडलाच न्हाईस त्यात."

"ते नसेल घेतलं," सर्जेराव म्हणाला.

त्याला सगळं माहीत होतं. माझंच पत्र होतं ते. एका शब्दात तो मला तिथं उघडा पाडू शकला असता, आणि तो माझं झाकत बसला होता. बोटं मिटत नव्हती, भाकरीचा घास दुसऱ्यानं भरवावा लागत होता, तरी झाकत होता. मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. वाटी खाली ठेवली आणि थेटरात गेलो. गुडघ्यामुळं जाऊन यायला अर्धा तास लागला. रस्त्यात दोन ठिकाणी वाटलं, तो बिस्किटाचा डबा नाल्यात टाकावा आणि सांगावं की असाच चक्कर मारून आलो. खरं सांगतो, वाटलं.

परत आलो तेव्हा सर्जेराव भिंतीला टेकून उन्हात बसला होता. मी वस्तादांच्या हातात डबा दिला.

"काय हाय?"

"ह्यात आहे तो पडलेला."

वस्तादांनी तुकडा बाहेर काढला, सुटा केला. कसा बघायचा ते मी दाखवलं. ते दारात जाऊन उभे राहिले, उन्हाकडं तोंड करून, आणि दोन्ही हातांनी पट्टी पुढं सरकवत एकेक चौकट बघायला लागले. तीस फूट म्हणजे चारशे ऐंशी चौकटी. बघून झालेला भाग त्यांच्या पायाशी गोळा होत गेला. तालमीत पोरं जोर मारत होती ती थांबली.

एका जागी त्यांचा अंगठा थांबला.

"हितं," ते म्हणाले. "हितं वळला. आदी डोस्कं टेकलं, मग सगळं अंग डाव्या बाजूनं मानेवर आलं. त्या पोराचं वजनबी आलं वर." अंगठा तसाच ठेवून ते म्हणाले, "मीच शिकवलंय त्याला. पाठ द्यायची न्हाई, मान मोडली तरी चालंल. मीच म्हणत हुतो."

"वस्ताद, जाऊ द्या," सर्जेराव मागून म्हणाला.

"ह्ये त्या दिवशी बघितलं आसतं तर तिथल्या तिथं उठलो आसतो मी. रातच्या गाडीनं ममईला गेलो आसतो." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कवापासनं हाय ह्यो तुज्याकडं?"

"पहिल्या खेळापासून."

"म्या बघितला त्याच्या आदी काढलास?"

"होय. तुम्ही त्याचा फोटो उलटा कराल म्हणून."

पट्टी परत गुंडाळायला त्यांना खूप वेळ लागला, त्यांना ती नीट गुंडाळता येईना. मी हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. सगळी गुंडाळून डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा डॉक्टरांना दाखवायला म्हणून स्वतःजवळ ठेवला. डॉक्टरांनी बघितला. फायदा काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी तालमीत गेलो. पोरं कुस्तीच्या हौद्यात माती उकरत होती. मी आत आलो तशी ती खाली बघायला लागली. वस्ताद सर्जेरावाच्या पायाला तेल लावत होते.

"वाटी धर," ते म्हणाले.

मी वाटी घेतली आणि सवयीनं भिंतीकडं बघितलं. सर्जेरावाचा फोटो होता तसाच होता, छाती काढून, गळ्यात हार घालून. त्याच्या शेजारी माझ्या फोटोचा मागचा पुठ्ठा दिसत होता.

मी वाटी धरून उभा राहिलो. तेल संपलं तेव्हा परत भरून आणली.

पुढं वस्ताद सात वर्षं होते. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मला यायला कधी मनाई केली नाही. ते गेल्यावर नव्या पोरांनी तालीम रंगवायला काढली, सगळे फोटो उतरवले. परत लावताना एका पोरानं विचारलं, "काका, हा तुमचाच ना? सरळ लावू का?"

सर्जेराव तिथंच खाटेवर पडून होता. त्या वर्षी त्याचं बोलणंही जड झालं होतं. मी त्याच्या शर्टाची बटणं लावत होतो.

"लाव सरळ," तो म्हणाला. "मी सांगतो, लाव."

त्या पोरानं माझ्याकडं बघितलं.

"होता तसाच लाव," मी म्हणालो आणि शेवटचं बटण लावलं.